झावळीतला संत

आमची एदुविगेस आत्या पाद्रीचे कपडे धुते, चर्चमधली एकही मिस्सा चुकवत नाही, आणि मरण परतवणाऱ्या, हाडात कोरलेल्या बोटभर उंचीच्या 'मरणाच्या संता'लाही मानते. चर्चला हा संत चालत नाही. म्हणून ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, पाद्री झावळ्यांवर पवित्र पाणी शिंपडतो तेव्हा, आम्ही पाराना नदीकाठचे सगळे आपापला संत झावळीत लपवून त्या पाण्याखाली धरतो.

यंदा पाद्री आत्यासमोर येऊन भडकलाच. "झावळ्या सोडा! बघू दे मला!"

मी घामाने भिजले. आत्याच्या झावळीतून काहीच निघालं नाही.

बाहेर येताच मी तिला गाठलं. "कुठंय गं तो?"

"पाद्रीच्याच झग्याच्या शिवणीत. गेल्या हिवाळ्यात हा तापाने फणफणला होता ना, तेव्हाच संत आत शिवला मी. नाहीतर हा मेला आज ओरडायला उरला असता का?"