इयत्ता तिसरीची मागची भिंत

नोकरीतले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कपाटामागे पडलेल्या टाचण्यांसारखे ते पडून राहतात, आणि कपाट हलवायची वेळ आली की एकदम सगळे दिसतात. माझी बायको सुमन वारली त्याच्या पुढच्या आठवड्यात आमच्या कचेरीतली जुनी मंडळी घरी येऊन बसली होती. चहा निवून गेला. मग आमचे त्या वेळचे हेडक्लार्क कोठेकर कपाकडे बघत म्हणाले, "काळे, त्या लाल बादल्या आठवतात का गा तुले?"

दोघेतिघे हसले आणि लगेच ओशाळले. मी म्हटलं, "आठवतात. सांगा ना."

त्या संध्याकाळी बरंच निघालं. एक मात्र मी सांगितलं नाही. ते शेवटी लिहितो.

*

आमची कचेरी नागपुरात, काम शाळांच्या अनुदानाचं. सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत सरकारनं शाळा सुरक्षित करण्यासाठी अनुदान काढलं होतं. आगीसाठी वाळूच्या बादल्या, आवाराला कुंपणभिंत, आणि धोक्याच्या इमारतींची दुरुस्ती. अर्ज माझ्या टेबलावर यायचे. पाहणी करायला दुबे नावाचे ओव्हरसियर जायचे. दुबे मूळचे जबलपूरकडचे, पण जन्म सगळा नागपुरात गेलेला. अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलायचे आणि दोन्ही भाषांत कमीच बोलायचे.

पहिल्या वर्षी बादल्या गेल्या. भिवापूरकडच्या एका शाळेत दुबे पाहणीला गेले, तर व्हरांड्यात चार लाल बादल्या ओळीनं टांगलेल्या आणि चारही वाळलेल्या मिरच्यांनी भरलेल्या.

"मास्तर, रेती कहाँ है?"

"खाली आहे ना साहेब. वरून मिरची टाकली."

"काहून?"

"रेतीत मांजरी बसून राहिल्या होत्या. पोरांले वास सहन होईना. मिरची टाकल्यापासून एक मांजर फिरकली नाही."

खाली खरोखर वाळू आहे का हे बघायला दुबेंनी कोपरापर्यंत हात घातला. वाळू होती. मग घाम आला म्हणून त्याच हातानं डोळे पुसले. दोन दिवस ते कचेरीत काळा चष्मा लावून बसले होते. पाहणीच्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं, "बादल्या समाधानकारक." पण तेव्हापासून पाहणीला गेले की ते हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कशालाही हात लावायचे नाहीत.

*

दुसऱ्या वर्षी कुंपणभिंती. भिंतीचं अनुदान एका योजनेतून, फाटकाचं दुसरीतून. भिंतीचं आधी आलं. एका गावी गवंड्यानं विचारलं, "फाटकाची जागा सोडू का जी?" सरपंच म्हणाले, "कागदावर शाळेच्या चारी बाजूंनी भिंत लिहिली आहे. सोडलेली जागा भिंत कशी म्हणावी?"

चारी बाजूंनी भिंत झाली. गवंडी आतच राहिला होता. त्याला शिडीनं काढावं लागलं.

आम्ही घाईघाईनं फाटकाचा प्रस्ताव मागवला. मुख्याध्यापकांचं उत्तर कोठेकरांनी सगळ्या सेक्शनला मोठ्यानं वाचून दाखवलं. "मुले सकाळी शिडीने आत येतात. त्यानंतर शिडी मी कार्यालयात ठेवतो. दुपारच्या सुट्टीत पळून जाणारी मुले आता पळत नाहीत. सबब फाटकाची मागणी रद्द समजावी."

हसणं ओसरल्यावर दुबे कोपऱ्यातून म्हणाले, "और आग लगी तो?"

फाटक महिन्याच्या आत गेलं. आमच्या कचेरीचा तो विक्रम असावा.

*

तिसरं वर्ष दुरुस्तीचं, आणि रामटेके गुरुजींचं.

गुरुजी पारशिवनी तालुक्यातल्या एका लहान शाळेचे मुख्याध्यापक. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, बोलणं हळू. त्यांच्या शाळेत इयत्ता तिसरीच्या खोलीची मागची भिंत उभी चिरली होती. अर्ज आला, क्रमांक पडला, फाइल झाली. महिन्याला पगाराचे कागद घेऊन गुरुजी यायचे. एकदा त्यांनी कोठेकरांच्या टेबलावर एक लिफाफा ठेवला. आत जुन्या उत्तरपत्रिकेची कापलेली पट्टी, मधोमध फाटलेली, वर तारीख.

"हे काय आहे, गुरुजी?"

"भिंत सरकून राहिली साहेब. मी चिरेवर खळीनं कागदाची पट्टी चिकटवतो. चीर वाढली का पट्टी फाटते. फाटली का दुसरी लावतो."

"मग ही मले काहून देता?"

"पोरांची हजेरी असते. ही भिंतीची."

कोठेकर माणूस वाईट नव्हता, पण सवयीनं म्हणाला, "असं एकच नाही चालत. पुरावा तीन प्रतींत लागतो."

पुढच्या महिन्यात गुरुजी आले, लिफाफ्यात तीन पट्ट्या. चिरेवर एकाखाली एक लावलेल्या, तिन्ही फाटलेल्या. सर्वांत वरची सर्वांत रुंद फाटली होती.

कोठेकरांनी त्या फाइलला टाचल्या. टाचताना त्यांचा हात जरा थांबला, हे मी पाहिलं.

*

आता हे सांगायला हवं. त्या शाळेत तिसरीच्या बाई होत्या सुमन काळे, म्हणजे माझी बायको. ती गावातच खोली घेऊन राहायची, आमची मुलगी नंदा तिच्याजवळ. मी नागपुरात, दर शनिवारी संध्याकाळच्या एस. टी. नं तिकडे. नंदा त्या वर्षी तिसरीत होती.

हे मी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर फाइल कदाचित वर गेली असती, आणि काळेनं घरची शाळा पुढे काढली असं लोक म्हणाले असते. त्या वेळी मला या गोष्टीचं फार भय होतं. मी फाइल तिच्या क्रमानंच ठेवत गेलो. तिच्यावर सत्तावीस फाइली होत्या. गुरुजी रविवारी गावातल्या आमच्या खोलीवर चहा प्यायचे. कचेरीत मात्र त्यांनी कधी ओळख दाखवली नाही. ते माझ्यासाठी करायचे, हे मला कळत होतं.

सुमनच्या वर्गाचा एक नियम होता. उशिरा येणारे मागं बसतात. चीर मागच्या भिंतीला. त्या वर्षी तिच्या वर्गात कुणी उशिरा येत नसे. ती हे हसत सांगायची, पण पोळी लाटताना लाटणं मधेच थांबायचं.

पट्ट्या आठवड्याला दोनदा फाटू लागल्या तेव्हा तिनं वर्ग कडुनिंबाखाली हलवला.

*

गुरुजींनी इमानदारीनं कळवलं, "तिसरीचा वर्ग सध्या झाडाखाली भरतो." त्यावर आमच्या कचेरीतून उत्तर गेलं, "सदर खोली वापरात नसल्याने दुरुस्ती अनुदानास पात्र नाही. पाहणीचे वेळी वर्ग खोलीत भरलेला आढळल्यास फेरविचार करण्यात येईल."

नियम तसाच होता. पत्राचा मसुदा माझा होता.

शनिवारी मी गावी पोचलो तर पत्र माझ्या आधी पोचलं होतं. सुमननं ताट वाढलं आणि पत्र ताटाशेजारी ठेवलं.

"हे अक्षर तुमचं आहे."

"साहेबांनी सांगितलं, मी लिहिलं."

"बरं. मग साहेबांना एक विचारून या. नंदाला नेमकी कुठे बसवू? चिरेखाली की चिरेच्या बाजूला?"

नंदा समोर भात कालवत होती. ती म्हणाली, "आई, मी कधीच उशिरा येत नाही. मी पुढेच बसते."

त्या रात्री मी जेवलो की नाही, आठवत नाही. सोमवारी कचेरीत येऊन मी कुणाला काही विचारलं नाही, हे मात्र आठवतं.

*

ती भिंत पुढे पायापासून नवी बांधली गेली. मागच्याच वर्षी मी पाहून आलो, छान उभी आहे. त्यामुळे तिची काळजी नको. मला सांगायचा आहे तो पाहणीचा दिवस.

दुबेंबरोबर फाइल घेऊन जायचा क्लार्क त्या दिवशी रजेवर होता. कोठेकर म्हणाले, "काळे, तू जा." नाही म्हणायला माझ्याजवळ कारण होतं, पण सांगता येण्यासारखं नव्हतं. जीपमध्ये मी पट्ट्यांची फाइल मांडीवर घेऊन बसलो. पारशिवनीला दुबेंनी चहा मागवला. मी मनात म्हणत होतो, जीप बंद पडावी. जीप नवी होती.

शाळेजवळ आलो आणि आधी झाड दिसलं. झाडाखाली कुणी नव्हतं. मुलांच्या बसायच्या टाटपट्ट्याही नव्हत्या. तिसरीच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आतून पुष्कळ माणसांचा श्वास ऐकू यावा तसं काहीतरी ऐकू येत होतं. सुमन असं करणार नाही, हे मला माहीत होतं. तरी मी जीपजवळच थांबलो. दुबे पुढे गेले. मग मी त्यांच्या मागून दारापर्यंत गेलो.

आत टाटपट्टीवर गाव बसलं होतं. शेतावरून आलेले बाप, डोक्यावर पदर घेतलेल्या आया, दोन म्हातारे, पोटाशी तान्हं धरलेली एक बाई. प्रत्येकासमोर पाटी. रामटेके गुरुजी खिडकीशी, सुमन टेबलाशी उभी. लांब समाजमंदिराकडून मुलांच्या आवाजात बारा एके बारा चाललं होतं.

दुबेंनी सगळ्या पाट्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "बाई, कौनसी क्लास?"

"तिसरी," सुमन म्हणाली. "पट बत्तीस."

दुबेंनी हात पाठीमागून सोडले. सरळ मागच्या भिंतीपर्यंत गेले आणि चिरेत चार बोटं घातली. ती आत गेली. परत येऊन त्यांनी हजेरीपट उचलला आणि नावं घ्यायला लागले.

"सुरेश."

"हजर," चाळिशीचा एक माणूस म्हणाला.

"वंदना."

"हजर हाय जी," तान्हंवाली म्हणाली.

"प्रल्हाद."

"हजर," एक म्हातारा म्हणाला, "पण काल बुखार होता त्याले, म्हणून आला नव्हता." शेजारची बाई कुजबुजली, "गप बसा नं गा बाबा, नाव फक्त विचारून राहिले." दुबेंनी मान वर केली नाही. खूण करत पुढे गेले. पंधरा, वीस, पंचवीस. एकालाही त्यांनी काही विचारलं नाही.

"नंदा माधव काळे."

तिच्या जागी कुणी बसलं नव्हतं. तिची आई टेबलाशी उभी होती, तिला टाटपट्टीवर बसता येत नव्हतं. दुबेंनी पुन्हा नाव वाचलं, या वेळी हळू. मग हजेरीपटावरून नजर उचलून दाराकडे, माझ्याकडे बघितलं.

मी फाइल उंबऱ्याशी ठेवली, चपला काढल्या आणि आत गेलो. पुढे जागा नव्हती. मधल्या रांगेतला एक बाप सरकायला लागला, तशी सुमन माझ्याकडे न बघता म्हणाली, "राहू द्या. उशिरा येणारे मागं बसतात."

मी मागं जाऊन भिंतीला पाठ लावून बसलो.

"हजर," म्हटलं.

दुबेंनी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.