बुंदेलीत शिकवल्याबद्दल कारणे दाखवा

माझ्या सुनेवर ठेवलेला आरोप असा होता की, पहिलीच्या वर्गात ती गावठी बोली बोलते आणि त्यायोगे मुलांचा व त्यांच्या पालकांचा उपहास करते. नोटीस हिंदीत होती, मोबाइलवर आली होती, आणि तिच्याखालची सही इतकी फरपटलेली होती की सही करणाऱ्याने मजकूर वाचला असेल याची मला तेव्हाही खात्री नव्हती. मुदतीत समाधानकारक खुलासा न आल्यास तिला ब्लॉकच्या शिक्षण कार्यालयाशी 'संबद्ध' करण्यात येईल, असे शेवटी बजावले होते. आमच्या प्रांतात संबद्ध करणे म्हणजे शाळेतून उचलून कार्यालयात आणून बसवणे. शिक्षिकेने तिथे दिवसभर संगणकात आकडे भरायचे, आणि तिचा वर्ग वाऱ्यावर.

रेल्वेच्या झाशी येथील कार्यालयात, विधी शाखेत, मी सबंध नोकरी काढली. हरवलेली गाठोडी, वाटेत कुजलेली केळी, भिजलेले सिमेंट, यांवरच्या दाव्यांना उत्तरे लिहिणे हे माझे काम होते. लबाड नोटिसा मी पुष्कळ वाचल्या आहेत. पण लबाड माणूससुद्धा निदान आपले नुकसान झाल्याचे सांगतो. इथे नुकसान कोणाचे आणि कोणते, हे सांगण्याची तसदीही कोणी घेतली नव्हती.

"बाबा, तुम्ही यात पडू नका," सून म्हणाली. ती गवार मोडत बसली होती आणि तिने मान वर केली नाही. "दोन ओळी माफीच्या लिहून देते. विषय संपेल."

"माफी कशाची?"

"ते मी तरी कुठं वाचलंय नीट?"

मी चष्मा लावला आणि तिचा मोबाइल पुढे ओढला. माझा मुलगा कारखान्यातून नुकताच आला होता. आमच्याकडे पाहून तो हसला. "लो, अब तो हाईकोर्ट तक जाएगा मामला," असे म्हणून तो हातपाय धुवायला गेला. तो माझ्याशी मराठीत बोलतो, माझी थट्टा मात्र हिंदीत करतो. त्याची मुलगी, म्हणजे माझी नात, तर थट्टाही हिंदीत करते आणि प्रेमही हिंदीत करते. तू मराठी का बोलत नाहीस, असे तिला विचारले तर म्हणते, "आजोबा, समझ में सब आता है." या शहरात मराठी मुलांना प्राथमिक शाळेत त्यांची भाषा शिकण्याची सोय व्हावी म्हणून मी राज्यघटनेच्या कलम ३५०-अचा हवाला देत कितीतरी पत्रे पाठवली. पुरेशी विद्यार्थीसंख्या नाही, असे उत्तर आले. ते उत्तरही हिंदीत होते. तेव्हा घरची भाषा शाळेच्या दाराशी उतरवून ठेवायला लावणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

सुनेची शाळा बबीनाच्या रस्त्यावर, महामार्ग सोडून आत गेले की लागणाऱ्या एका गावात आहे. दोन खोल्या, एक ओसरी, दोन शिक्षक. दुसरे शिक्षक प्रभारी मुख्याध्यापक. त्यांचा बहुतेक वेळ मतदारयाद्या, दुधाचे वाटप आणि त्या वाटपाचे फोटो पाठवणे यांत जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामे लावण्यास मनाई केली आहे, परंतु निवडणुकीचे काम त्यातून वगळले आहे. त्यामुळे यावर मला कायदेशीर संतापसुद्धा व्यक्त करता येत नाही. तात्पर्य, पहिलीच्या मुलांना माझी सून हीच काय ती शिक्षिका.

ती झाशीतच वाढली. तिच्या माहेरी अजूनही वाटीला 'वाडगं' आणि स्वयंपाकघराला 'सैंपाकघर' म्हणतात. पण शेजारपाजार सगळा बुंदेली असल्यामुळे ती बोली तिच्या जिभेवर लहानपणापासूनच आहे. पहिल्या वर्षी तिने पुस्तकाप्रमाणे शिकवले. 'ग से गमला.' त्या गावात कुंडी कोणाच्याच दारात नाही. झाड लावायचे तर ते सरळ जमिनीत लावतात. मुले गमला म्हणत, आणि गमला म्हणजे काय असे विचारले की छताकडे पाहत. एक मुलगी तर शाळेत आल्यापासून बोललीच नव्हती. हजेरीलाही ती नुसता हात वर करी. मुकी असावी असे प्रभारींनी ठरवून टाकले होते आणि तसा शेरा कुठल्याशा तक्त्यात भरायच्या ते बेतात होते.

एका सकाळी सुनेने तिला जवळ घेऊन विचारले, "काए बिन्नू, आज का खाकें आईं?"

मुलीने तिच्याकडे टक लावून पाहिले. मग म्हणाली, "गकरिया." गकरिया म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेली जाड भाकरी. आणि एकदा तोंड उघडल्यावर ते बंद होईना. "औ मैडम जी, हमाई भैंसिया ब्या गई! पड़िया भई!" म्हैस व्याली होती, रेडी झाली होती, आणि ही बातमी त्या पोरीने कोण जाणे किती दिवस पोटात ठेवली असेल. त्या दिवसापासून ग गकरियाचा झाला आणि भ भैंसियाचा. आधी बोलीतला शब्द, मग त्याचे अक्षर, मग पुस्तकातला हिंदी शब्द, असा तिचा क्रम होता. दिवाळीपर्यंत ती मुलगी फळ्यावरच्या ओळी वाचू लागली. त्या हिंदीतच होत्या. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे सुनावणीत कोणीही ते विचारले नाही.

मी उत्तर लिहिले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ च्या पोटकलम दोनमध्ये स्पष्ट म्हटले आहे की, शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. ते मी उद्धृत केले. आरोप संदिग्ध असल्याचे दाखवले. तक्रारीची प्रत मागितली. उपहासाचा हेतू कोणत्या कृतीतून निष्पन्न होतो, अशी विचारणा केली. उत्तर हिंदीत होते, आणि स्वतःच्या लिखाणाबद्दल मी सहसा बोलत नाही, पण त्यात एक शब्द काढण्याजोगा नव्हता.

सुनेने ते वाचले. "छान आहे," म्हणाली. मग कागद माझ्याकडे देत, "साहेबांना राग येईल."

"यावा."

"तुम्हाला चालेल, बाबा. तुम्ही रिटायर आहात."

सुनावणीला मी बरोबर गेलो. ब्लॉकच्या कार्यालयात अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर एक मनुष्य आधीच उभा होता. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. तक्रारदार तोच. छावणीतल्या एका बंगल्यावर तो माळीकाम करतो, आणि त्या न बोलणाऱ्या मुलीचा तो बाप होता. हे कळताच सुनेचा चेहरा उतरला. आतापर्यंत तिची समजूत होती की ही कागाळी प्रभारींची असणार.

अधिकारी माझे उत्तर चाळू लागले तोच त्यांचा फोन वाजला. "हओ बऊ, आ रए. तुम रोटी खा लो, हमाई बाट न देखो." आईशी बोलत होते. आवाज एकदम मऊ झाला होता. फोन ठेवला, आणि त्याच तोंडाने म्हणाले, "देखिए मैडम, शासन की मंशा है कि कक्षा में मानक हिंदी ही बोली जाए."

"साहब," मी म्हणालो, "अभी आप किस भाषा में बोल रहे थे?"

"बाबूजी, वो तो घर की बात है."

"बच्चा भी घर से ही आता है."

"आप वकील हैं?"

"नहीं. रेलवे में था. वकीलों के जवाब मैं लिखता था."

अधिकारी हसले. हसून माझा मुद्दा बाजूला सारला. हा प्रकार मला कोर्टांतूनही परिचयाचा आहे. मग त्यांनी त्या मनुष्याला बोलायला सांगितले. तो सुनेकडे पाहत, शब्द तोलून मापून, शुद्ध हिंदीत बोलू लागला.

"मैडम जी, आप पढ़ी-लिखी हैं. मराठी हैं. घर में आप ऐसे नहीं बोलती होंगी, साहब लोगों से ऐसे नहीं बोलतीं. फिर हमाए मोड़ा-मोड़ियन सेई काए?" मग आमच्याच पोरापोरींशी का, या शेवटच्या वाक्यात त्याची हिंदी निसटली. ते त्यालाही कळले, आणि तो लाजला.

"भैया जी, मैं हँसी नहीं उड़ाती थी," सून म्हणाली. "आपकी बिटिया बोलने लगी थी, इसलिए..."

"घर आके बोली, मैडम जी तो हमाई घाईं बोलतीं. हमारी तरह. मैं समझ गया." त्याने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बंगले की बेबी भी मेरी तरह बोलती है. मेहमान आते हैं तो मुझे बुलाती है, मेरे सामने बोलकर सुनाती है. सब हँसते हैं. मैं भी हँस देता हूँ."

 सून हळूच म्हणाली, "मैं वैसी नहीं हूँ."

"आप नहीं होंगी. पर उसे जेई आदत पड़ गई, तो जो हँसते हैं उनके आगे का करहै?"

हीच सवय लागली तर हसणाऱ्यांपुढे मुलगी काय करील, हे त्याचे म्हणणे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. हसणारा बंगल्यात आहे. नोटीस बंगल्याला जायला हवी होती. पण बंगल्यातल्या हसण्याला कोणतेही कलम लागू होत नाही आणि सरकारी शाळेतल्या शिक्षिकेला सगळी कलमे लागू होतात, म्हणून नोटीस शाळेत आली. मी हे बोलण्यासाठी उठलो होतो. सुनेने माझ्या बाहीला हात लावला. चारचौघांत तिने मला कधी थांबवले नव्हते. मी खाली बसलो.

अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. यापुढे वर्गात फक्त मानक हिंदीच बोलेन, असे मॅडमनी लिहून द्यावे. नोटीस मागे घेतली जाईल. नाहीतर संबद्धीकरण. कायदा ज्याची शिफारस करतो ते न करण्याची लेखी हमी एक सरकारी अधिकारी सरकारी शिक्षिकेकडून घेत होता, आणि वर पंख्याखाली राज्यघटनेची उद्देशिका चौकटीत टांगलेली होती. मी हळू आवाजात मराठीत म्हणालो, "सही करू नकोस. मी अपील करतो. हे टिकणार नाही."

"अपिलाचा निकाल कधी लागेल, बाबा?"

मी खोटे बोलत नाही. "वर्षे लागतील," म्हणालो.

"तोवर पहिलीला कोण?" असे म्हणून तिने सही केली. माळी तिला नमस्कार करून गेला. त्याच्या वागण्यात जिंकल्याचा भाव नव्हता, हे मला मान्य करावे लागेल. माझे उत्तर टेबलावर तसेच राहिले. त्यावर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता.

परतताना आम्ही रिक्षा केली. मी म्हणालो की हमी दबावाखाली घेतलेली असल्यामुळे ती निरर्थक ठरते. ती म्हणाली, "तो माणूस खोटं नाही बोलला, बाबा."

"मी कुठं म्हणतो खोटं बोलला? चुकला."

"मग मीही चुकलेच की. मला वाटायचं, मी त्यांच्यातलीच झाले." आणि मग, "माझ्या नावानं आता काही लिहू नका. एवढं ऐका."

मी ऐकले. तिच्या नावाने लिहिले नाही, माझ्या नावाने लिहिले. शासनाच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर, एक नागरिक म्हणून. काही दिवसांनी उत्तर आले: प्रकरण निकाली, कारण संबंधित शिक्षिकेने स्वेच्छेने लेखी सहमती दिली आहे, प्रत सोबत जोडली आहे. मी दुसऱ्यांदा लिहिले. त्याच प्रतीची दुसरी प्रत आली.

नवीन सत्र सुरू झाल्यावर कळले की माळ्याने मुलीला त्या शाळेतून काढून बबीनाच्या एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत घातले. म्हणजे तक्रारदार गेला, त्याची मुलगी गेली, हमी तेवढी राहिली. मी पुन्हा कार्यालयात गेलो आणि म्हणालो की आता तरी ती रद्द करा.

"अब किसलिए, बाबूजी?" अधिकारी म्हणाले. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. "अब तो सब बढ़िया चल रहा है. शिकायत एक नहीं."

घरी येऊन मी सुनेला विचारले, वर्ग कसा चालला आहे. तिने मोबाइल पुढे केला. आदल्या दिवशी तपासणी होऊन गेली होती आणि भेटीचा शेरा तिने फोटो काढून ठेवला होता: कक्षा एक में पूर्ण शांति, अनुशासन सराहनीय. पहिलीच्या वर्गात, पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या वर्गात, पूर्ण शांतता.

"कोणीच बोलत नाही?" मी विचारले.

"विचारलं तर बोलतात. 'जी मैडम जी' म्हणतात." तिने मोबाइल परत घेतला आणि ती कणीक भिजवायला उठली. "चांगला शेरा आहे, बाबा. यावर तरी काही लिहू नका."

मी नियम काढून पाहिले. शिक्षेविरुद्ध अपील आहे, प्रतिकूल शेऱ्याविरुद्ध अभिवेदन आहे. प्रशंसेविरुद्ध दाद मागण्याची तरतूद कोठेही नाही.