विमानाच्या वेळेवर अण्णांचा शिक्का

कराडच्या स्टँडसमोर विमानाची तिकिटं काढणारं ऑफिस म्हटल्यावर किस्से साठणारच! आमचं गिऱ्हाईक आधी अंतर विचारतं, मग वेळ विचारतं आणि शेवटी दोन्ही खोटं ठरवतं. मी कॉम्प्युटर सांभाळते, मालक अण्णा लोकांच्या शंका सांभाळतात. अण्णा स्वतः विमानात कधी बसलेले नाहीत, पण त्यावाचून त्यांचं काही अडत नाही.

पाटणचे एक पाहुणे दुबईहून परतले ते तणतणतच.

"जाताना पावणेदोन तास, येताना साडेचार! ह्यो काय परकार?"

दोन्हीकडच्या घड्याळांत दीड तासाचा फरक आहे, हे मी सांगणार तोच अण्णा म्हणाले, "आवं, येताना चढ हाय!"

पाहुण्यांना लगेच पटलं. घाटातला माणूस, आणखी काय सांगायचं!

*

कॉलेजातले एक सर अमेरिकेला जाऊन आले. आल्या आल्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून त्यांनी सरळ रेघ मारली. "रस्ता असा असताना विमान वरून, बर्फाकडून का नेलं?"

"सर, पृथ्वी गोल आहे ना," मी म्हटलं.

"ते मला शिकवू नका!"

अण्णांनी हळूच सांगितलं, "सर, सरळ रस्त्याला टोल असतोय."

सर मान डोलावून गेले. ते भूगोल शिकवत नाहीत, एवढंच आपलं नशीब.

*

एका ऊसवाल्या बागायतदारांना कराडहून मुंबईच्या विमानतळावर पोचायला सात तास लागले. पुढे दुबई तीन तासांत आली. परत येऊन म्हणाले, "गड्या, लेक दुबईतच द्यायची. मुंबैपरीस जवळ पडती!"

लेकीला विचारलंय का, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी गुपचूप प्रिंटर बघायला लागले.

*

आमच्याकडे कॉम्प्युटरच्या कागदावर कुणाचा काडीचा विश्वास नाही. अण्णांचा गोल, जांभळा शिक्का बसला की मात्र तो कागद सरकारी! एका आजींनी तर विमानतळावर पासपोर्टच्या आधी तो शिक्काच पुढे केला.

*

आणि आमचे तात्या. पलूसचे रिटायर सुभेदार. मुलगा सहा वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तो अजून आलेला नाही. इकडे काकी अंथरुणाला खिळलेल्या. दर गुरुवारी बाजाराला आले की तात्या ऑफिसात यायचे.

"पोरी, मुंबैवरनं किती तास?"

"सोळा."

"आन् तिकडनं हिकडं?"

"तेवढेच की, तात्या."

"पोरगं म्हणतंय, लय लांब हाय. आमी लडाखवरनं ट्रक, रेल्वे, यष्टी करत पाच दिसांत घरी यायचो. सुट्टी किती? पंधरा दिस!"

मीही चेष्टा करायचे, "तात्या, आता विमान तुम्हीच चालवा!"

गेल्या गुरुवारी मात्र तात्या बसले नाहीत. "कागदावर लिवून दे. खाली शिक्का मार."

मला बरं वाटलं. आता तात्या हा कागद मुलाला पाठवून चांगला जाब विचारणार! मी झोकात टाईप केलं, 'सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई, सोळा तास.' अण्णांनी शिक्का हाणला.

तात्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि परत माझ्यापुढे सरकवला.

"ह्यो न्हाई. तुजी काकी रोज इचारती, पोरगं का येईना. तिला दाखवायचाय. तास खोडून दिस लिव. आन् शिक्का नीट उठू दे."