वरचे, खालचे आणि मोठेबाबा

मोठेबाबा फोन उचलला की 'हॅलो' म्हणत नसत. आधी उठून ताठ उभे राहत आणि म्हणत, "फाटक बोलून राहिलो." रेल्वेची नोकरी सुटून वर्षं लोटली, घरात मोबाइल आला, तरी हे सुटलं नाही. चुकीचा नंबर लागलेली माणसंसुद्धा बिचारी घाबरून फोन ठेवून देत.

त्यांची सारी नोकरी सौंदडच्या अलीकडच्या एका फाटकावर गेली. गाडी सुटली म्हणून स्टेशनातून फोन यायचा, की हे फाटक लावायचे. गाडी गेल्याशिवाय ते कोणासाठी उघडायचं नाही. वरात खोळंबो की पुढारी खोळंबो. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, पाण्यानं भरलेली खाचरं, मधे एवढीशी खोली, आणि माणसाचा आवाज म्हणावा तर तो फोन, नाहीतर खोळंबलेल्यांच्या शिव्या. मोठीआई, त्यांची बायको, त्यांचा मुलगा मिलिंददादा शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून बापलेकांच्या घरात बोलणं असं फारसं उरलंच नव्हतं. माझे बाबा म्हणजे मोठेबाबांचे धाकटे भाऊ. आमची घरं एका भिंतीची, त्यामुळे मला हे सगळं अगदी जवळून दिसत आलं.

मिलिंददादा गोंदियाला डिप्लोमा करत होता तेव्हा मोठेबाबांनी त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला. त्यावर अभ्यास किती झाला ते तोच जाणे, पण गोळीबाराचे आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचे. मग त्याला पुण्याला नोकरी लागली, लॅपटॉप आला, आणि कॉम्प्युटर मोठेबाबांच्या खोलीत तसाच राहिला. दर रविवारी दुपारी दादाचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." "पाऊस?" "हाये." मग दोघंही गप्प. थोड्या वेळानं मोठेबाबा म्हणायचे, "ठीक हाये मंग, ठेवतो." फोन ठेवला की ते बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसायचे.

एक दिवस त्यांनी मला हाक मारली. "बाई, मिलिंदचा तो खेळ लावून देतं का?" मला हसू आलं. पण लावून दिला. बोटं मोठी, माउस लहान. पहिले काही दिवस त्यांचा शिपाई आभाळाकडे तोंड करून गोल गोल फिरत होता. पुढच्या रविवारी त्यांनी फोनवर सांगितलं, "मी तुहा खेळ खेळून राहिलो गा." पलीकडून दादा एवढ्या जोरात हसला की मला बाजूला ऐकू आलं. त्या दिवशी भात गार होईपर्यंत दोघं बोलत होते.

दादाच्या त्या खेळांच्या दोन मालिका होत्या आणि एकेकीचे दोन-तीन भाग. दोन्हींत परग्रहावरचे शत्रू, दोन्हींत आपण बंदूक घेऊन एकटे. इंग्रजी नावं मोठेबाबांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी आपलीच नावं ठेवली: वरचे आणि खालचे. वरचे यानांतून उतरत. त्यांच्यात चार हातांचे उंच सरदार असत आणि त्यांच्यामागे ओझी वाहणारे, गुडघ्याएवढे बुटके. सरदार पडला की बुटके हातातलं टाकून सैरावैरा पळत. खालचे जमीन फोडून निघत. सगळे एकसारखे, पांढुरके, बिनडोळ्यांचे. ना कोणी पुढारी, ना कोणी हमाल. एक पडला की शेजारचा सरकून त्याची जागा घेई.

मोठेबाबा खालच्यांच्या बाजूचे. "रोवणीची पात पाह्यली नाई का तू? एक बाई पानी प्यायले गेली तं बाजूची तिची जागा धरते. खालचे तसे हायेत." दादा वरच्यांच्या बाजूचा. त्याला पुण्याचं पाणी लागलं होतं, तो शुद्ध बोलायचा. "वरच्यांना डोकं आहे, बाबा. ते लपतात, मागून येऊन घेरतात. खालचे म्हणजे नुसती गर्दी." "गर्दी नाई गा, समाज म्हन." हा वाद दोन-तीन वर्षं पुरला. बाप-लेक म्हणून दोघं जे कधी बोलले नाहीत ते सारं त्या परग्रहवाल्यांच्या नावावर बोलून घेत होते, असं मला आता वाटतं.

वरच्यांवर मोठेबाबांचा खरा राग होता. त्यांच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोखाली तो कॉम्प्युटर. तिथे बसून मोठेबाबा दात-ओठ खात सरदारांना टिपायचे. "पाह्य बाई, जातपात अभाळातबी पोचली. वझं कोनाच्या डोक्यावर? बुटक्याच्या." बुटक्यांवर मात्र ते गोळी चालवत नसत. बुटके पळाले तर पळू द्यायचे. मी म्हणायची, तो खेळ आहे, त्यांना काही लागत नाही. ते म्हणायचे, "मले लागते न."

यामुळेच ते अडकले. वरच्यांच्या शेवटच्या भागात, अगदी शेवटाआधी, एक मोठी खोली होती. आतले सगळे शत्रू मेल्याशिवाय पुढचं दार उघडत नसे. मोठेबाबांनी सरदार सगळे लोळवले आणि एक बुटका उरला. तो लढायचा नाही. दारापाशी जायचा, थोडं थांबायचा, परत फिरायचा. दर रविवारी दादा फोनवर सांगायचा, "बाबा, कोणीतरी एक राहिला असणार. कोपरे बघा. खांबांच्या मागे बघा." आणि मोठेबाबा म्हणायचे, "दिसून नाई राहिला गा."

मी मागेच उभी होते. बुटका पडद्याच्या मधोमध चालत होता. फोन संपल्यावर मी रागावले. "तो समोरच हाये न, मोठेबाबा. काऊन खोटं बोलून राहिले तुमी?"

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "मारलं तं दार उघडन. दार उघडलं तं खेळ सरन. मंग तो कायले फोन करन?" चष्मा परत चढवून ते म्हणाले, "अन् याच्या मागंबी कोनी नाई आता. राहू दे."

त्यानंतर दर रविवारी तोच कार्यक्रम. खेळ लावायचा, शिपायाचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवायचं आणि फोनची वाट बघायची. त्या खेळात बंदूक खाली ठेवायची सोय नव्हती. ती कायम पुढे रोखलेली. म्हणून ते तोंडच फिरवायचे, उगीच नेम धरल्यासारखं नको म्हणून. बुटका पाठीमागे फिरत राहायचा. त्याच्या पावलांचा टपटप आवाज यायचा, आणि तेवढी सोबत मोठेबाबांना पुरायची.

मग दादाचं लग्न झालं, बढती झाली. रविवारचा फोन महिन्याचा झाला. आला तरी खेळाचं निघेना, निघालं तर दादा म्हणायचा, "अजून तिथेच आहात?" आणि दुसरीकडे कोणाशी तरी बोलायला लागायचा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला आमच्या गावात घरोघरी पाहुणे येतात, पुण्या-मुंबईची पोरंसुद्धा येतात. पहिली काही वर्षं दादा यायचा. नंतरही मोठेबाबा दर मंडईला स्वच्छ धोतर नेसून सौंदड स्टेशनावर जाऊन उभे राहत. गाडी जाई, फलाट रिकामा होई, आणि हे चालत परत येत. येताना आमच्यासाठी मुर्रा-जिलेबीचा खाऊ घेऊन येत, म्हणजे कोणी विचारू नये.

एका रविवारी मला राहवलं नाही. "तुमीच करा न फोन." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी नियमाबाहेरचं बोलले. "फोन स्टेशनातून येते, बाई. फाटकवाल्यानं आपल्या जागेवर हजर राहाचं." सारा जन्म त्यांनी असाच काढला होता. गाडी येणारच, आपण जागा सोडायची नाही. मला त्यांच्या त्या हट्टाचा राग यायचा, आणि दादाचा त्याहून जास्त.

धान कापणीला आलं होतं तेव्हा मोठेबाबा गेले. दुपारी खुर्चीत बसल्याजागी. दादा आला, सगळं रीतसर केलं. पुण्यानुमोदन, श्रद्धांजली झाली, पाहुणे पांगले, तेव्हा तो त्यांच्या खोलीत जाऊन बसला. मी चहा घेऊन गेले तर त्यानं कॉम्प्युटर सुरू केला होता. तीच खोली, तेच बंद दार, समोर तीच भिंत. दादानं शिपायाला वळवलं आणि बुटका दिसला. दारापाशी गेला, थांबला, परत फिरला.

"हा तर समोरच आहे," दादा म्हणाला. "बाबा म्हणायचे दिसत नाही."

"दिसत होता."

"मग एवढी वर्षं..."

"दार उघडलं तं तू फोन कायले करशील म्हने."

चहावर साय धरली. बाहेर कोणीतरी मांडवाचे बांबू सोडत होतं. दादाचं बोट माउसवर होतं आणि बंदुकीच्या नेमात बुटका होता. एक गोळी, की दार उघडणार होतं. मला वाटलं, आता हा मारणार. लहानपणापासून त्याला शेवट बघायची घाई.

त्यानं हळूच माउस सरकवला आणि शिपायाचं तोंड भिंतीकडे केलं. हे मी त्याला सांगितलं नव्हतं. मग खिशातून मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि बापाच्या खुर्चीत ताठ बसून राहिला. मागे बुटक्याची पावलं वाजत होती. अंधार पडेपर्यंत कोणाचाही फोन आला नाही.