नंदोईची कॉफी

तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या गुजर आळीत रंजनाबाई भाईदास पाटील यांचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक म्हणजे त्यांच्या हातचे खापरावरचे मांडे, दुसरी म्हणजे त्यांनी धरलेला अबोला. भांडण झालं तर त्या आवाज चढवत नसत. पदर सारखा करून आत जात, आणि समोरच्याला वाटे, प्रकरण मिटलं. एकोणीसशे एकोणसाठच्या हिवाळ्यात मोतीलाललाही तसंच वाटलं.

मोतीलाल रंजनाबाईचा नंदोई, म्हणजे नणंद तापीबाई हिचा नवरा. मूळचा शहाद्याकडचा. सुरतेला स्टेशनाबाहेर त्याचं हॉटेल होतं आणि त्या हॉटेलात वाफेवर कॉफी करणारं मशीन. ते मशीन सुरतेत कमी आणि प्रकाशात जास्त गाजलं होतं, कारण सासुरवाडीला आला की मोतीलाल दुसरं काही बोलत नसे. वाफ कशी सुटते, दुधावर कसा बोटभर फेस येतो, कलेक्टर कचेरीतले साहेब कसे रांग लावतात. केळीच्या बागा आणि कापूस एवढंच बोलणारी भावकी तोंड उघडं टाकून ऐकायची.

त्या वर्षी धाकट्या दिराचा साखरपुडा होता. तापीबाईनं सुरतेहून कॉफीची पुडी आणली आणि वहिनीच्या हातात दिली. रंजनाबाईनं त्याआधी कॉफी केली नव्हती. तिनं चहाला जे करतात तेच केलं. घरच्या म्हशीचं निरशं दूध घेतलं, त्यात पूड, साखर, आलं, वेलदोडा घातला आणि दूध आटेपर्यंत उकळलं. वरून चमचाभर साय सोडली. जावयाच्या दुधात साय घालायची हा तिकडचा रिवाज. साय काढलेलं दूध सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याला, नाहीतर विरजणाला. घरच्या जावयाला पातळ दूध देणं म्हणजे त्याला दारातूनच परत पाठवल्यासारखं.

मोतीलालनं एक घोट घेतला. मग ओसरीच्या कडेला जाऊन कप अंगणात उपडा केला.

“हाई कॉफी शे का ढोरेस्नं औषध?” तो म्हणाला. “रंजनाबाई, म्हशीले पाज. दूध वाढी.”

पंक्तीला बसलेली माणसं हसली. नव्या मुलीकडचे व्याही हसले. भाईदासही हसला, आणि बायकोच्या मनात ते सगळ्यांत खोल गेलं. जावयाला उलट बोलायची सोय नव्हती. जावई म्हणेल ते ऐकायचं आणि दुसरा कप पुढे करायचा. रंजनाबाईनं पदर सारखा केला, अंगणातली साय राखेनं झाकली आणि आत गेली.

त्या दिवसापासून तिनं मनाशी एकच गोष्ट धरली. या माणसानं याच ओसरीवर, याच माणसांसमोर तिच्या हातची कॉफी मागून प्यायची. आणि प्यायल्यावर त्याला कळायचं की आपण काय प्यायलो.

मशीन घ्यायची ऐपत नव्हती, आणि असती तरी नवऱ्यानं घेतलं नसतं. तिचा मावसभाऊ रेवजी खांडबारा स्टेशनावर हमाल होता. तो सुरतेकडच्या एका गार्डाकडून कॉफीच्या कच्च्या बिया मागवी. तयार पुडीपेक्षा त्या पुष्कळ स्वस्त पडत. बाजारच्या दिवशी प्रकाशाला येणाऱ्या कुणाच्याही हाती तो त्या धाडत असे.

“रंजना, ह्या बिया पेरानी शे का काय?” त्यानं एकदा निरोपात विचारलं.

तिनं उलट निरोप दिला, “हां. मोतीलालना वावरमां.”

बिया ती खापरावर भाजायची. मांडे भाजायचं ते उपडं खापर मंद तापतं आणि सगळीकडून सारखं तापतं, हे तिला ठाऊकच होतं. पहिल्यांदा बिया काळ्या झाल्या आणि कॉफीला जळक्या लाकडाची चव आली. पुढे तिनं चिंचोक्याच्या रंगावर येताच खापर उतरवायला सुरुवात केली. पूड खलबत्त्यात, रव्यापेक्षा बारीक. मग पत्र्याच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, आत धुवट कापड घातलं, पूड दाबून भरली, वर उकळी बसलेलं पाणी ओतलं आणि पाण्यावर घट्ट बसेल अशी लाकडी चकती ठेवून तिच्यावर कापूस मोजायच्या तागडीतलं लोखंडी वजन ठेवलं. वजनाच्या दाबानं खाली काळा, मधासारखा दाट अर्क उतरू लागला. वाटीभर अर्कात अर्धं घर कॉफी पिऊ शकलं असतं. घर मात्र पीत नव्हतं. भाईदास वास घेऊन म्हणे, “तू काय करी ऱ्हायनी?” ती म्हणे, “करी ऱ्हायनू काहीतरी.” एवढंच.

अर्क जमला, पण फेस येईना. उंच, अरुंद लोट्यात गरम दूध घालून ती ताक घुसळायच्या रवीनं घुसळायची. फेस यायचा, क्षणभर टिकायचा आणि बसायचा. वर लोण्याचे कण तरंगायचे. तिनं दूध आणखी दाट घेतलं, तर लोणीच जास्त निघालं. असं वर्षभर चाललं. तिच्या कल्पनेत दूध जितकं भारी तितकी कॉफी भारी, आणि प्रकाशातल्या कुठल्याही बाईनं हेच मानलं असतं.

मग एका सकाळी तुपासाठी साय काढून झाली होती. घरचं दूध संपलेलं, आणि उखा सालदाराच्या वाटणीचं तेवढं पातेल्यात उरलं होतं. घुसळायचा हात बसला होता म्हणून तिनं तेच लोट्यात घेतलं. रवी फिरली, आणि पांढरा, घट्ट, बारीक फेस लोट्याच्या गळ्याशी येऊन थांबला. बसला नाही. त्यावर साखर टाकली तर साखरही वरच राहिली.

रंजनाबाई चुलीपाशी बसून त्या फेसाकडे बघत राहिली. सायच फेस मोडत होती. सुरतेचं मशीन फेस काढतं तेही पातळ दुधावरच, आणि मोतीलालला ते माहीत असणार. म्हणजे त्याला एकोणसाठ साली पातळ दूधच हवं होतं, आणि तिनं त्याला साय दिली होती. ती तेव्हा पहिल्यांदा हसली. आता काय करायचं ते तिला स्वच्छ दिसत होतं.

बासष्ट साली त्या धाकट्या दिराच्या मुलाचं जावळ निघालं. तीच भावकी, तेच व्याही, तोच मोतीलाल. जेवणं झाल्यावर त्यानं मशीनची गोष्ट काढलीच. नवं आणलं होतं, दोन तोट्यांचं. तो बोलत असतानाच रंजनाबाई पितळी तबकात कॉफीचे कप घेऊन ओसरीवर आली.

त्यानं फेसाकडे पाहिलं. एक घोट घेतला, मग दुसरा. मिशीला लागलेला फेस जिभेनं टिपला.

“कोनी बनाडी हाई?”

“मन्ही वहिनीनी,” तापीबाई म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता.

“सुरतना मशीनवर बी असा फेस येत नही,” मोतीलाल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. तो कद्रू होता, पण धंद्यातला माल ओळखत होता. “आखो एक कप येवू दे.”

रंजनाबाईनं दुसरा कप दिला. तो संपेपर्यंत ती खांबाशी उभी राहिली. मग तिनं गोठ्याकडे तोंड करून हाक मारली. उखा हात पुसत आला.

“उखा, आज तुन्हा वाटानं दूध पाव्हनास्नी पिधं,” ती म्हणाली. “साय काढेल व्हतं. तुले मी साईनं देस.”

आणि तिनं आतून सायीनं भरलेला पेला आणून उखाच्या हातात दिला.

उखानं एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा ओसरीकडे. “मले कसाले साय, माय? पोट जड पडस मन्हं.”

कुणी हसलं नाही. हसण्यापेक्षा ते वाईट होतं. मोतीलालच्या हातात रिकामा कप होता. ओतून द्यायला त्यात काही उरलं नव्हतं, आणि स्तुती तर परत घेता येत नाही. तो उठला, जोडे पायांत घातले आणि तापीबाईला म्हणाला, “चाल.”

“तू काय करी बठनी?” भाईदासनं पाहुणे गेल्यावर विचारलं.

“जे करानं व्हतं ते.”

त्याची किंमत तापीबाईला मोजावी लागली. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा तिकडे लेकींचा सण. झोके बांधले जातात, माहेरवाशिणी गाणी म्हणतात. त्रेसष्टच्या आखाजीच्या तोंडावर भाईदास बहिणीला आणायला सुरतेला गेला आणि निरोप घेऊन परतला. पाच माणसांसमोर रंजनानं सांगायचं, की त्या दिवशी दूध सायीचंच होतं, ती खोटं बोलली. मग मोतीलाल स्वतः तापीला घेऊन येईल. नाहीतर तापीला माहेर नाही.

भाईदासला वाटलं, ती नाही म्हणेल. तिनं निवडत असलेल्या तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. “बलाव त्यासले,” ती म्हणाली. “सांगस मी.”

आखाजीला मोतीलाल आला. तापीबाई खाली मान घालून मागून आली. ओसरीवर भाऊबंद बसले. मधोमध भाईदासचे चुलते धुडकू आबा, सगळ्यांत वडील. रंजनाबाई पदर कपाळाच्या खाली ओढून दारात उभी राहिली. शब्द पाठ केल्यासारखे, एकेक सुटा बोलली.

“पाच मानसेस्ना समोर सांगस. पाव्हनास्ले मी साईनं दूध दिधं व्हतं. चांगलं दाट साईनं. तो फेस इना, तो सायवर इना.”

मोतीलालनं समाधानानं मान हलवली आणि मग हलवायची थांबवली. कारण एवढ्या महिन्यांत आळीतल्या प्रत्येक घरात रवी घेऊन दूध घुसळून झालं होतं. कशावर फेस येतो आणि कशावर येत नाही, हे आता ओसरीवरचा प्रत्येक जण जाणत होता. धुडकू आबांच्या सुनेनं तर त्यांचं एक पातेलंभर दूध त्यातच वाया घालवलं होतं.

“मोतीलाल,” धुडकू आबा सावकाश म्हणाले, “सायले फेस येस का रे? तू हाटेलवाला शे. तूच सांग.”

येतो म्हणावं, तर धंद्यातला मूर्ख. नाही म्हणावं, तर सालदाराचं दूध प्यायला आणि वर आणखी मागितलं, हे स्वतःच्या तोंडानं कबूल. मोतीलालनं धुडकू आबांकडे पाहिलं, भाईदासकडे पाहिलं. भाईदास या वेळीही हसत होता, फक्त दुसऱ्या बाजूनं. रंजनाबाईनं ठरल्याप्रमाणे एकेक शब्द सांगितला होता, त्यामुळे तापीबाईला परत न्यायलाही तोंड राहिलं नव्हतं.

“पाणी दे,” तो म्हणाला.

रंजनाबाईनं पदर सारखा केला.

“साधं, का साखरनं?” तिनं विचारलं.

“साधं.”