आठव्या घराचा ढाळ

श्रावण मिस्त्री हिंगणघाटच्या कापसाच्या जिनमध्ये कामाला लागले तेव्हा चौदा वर्षांचे होते. हातात तेलाची बुधली असायची आणि काम एवढंच, की फिरत्या यंत्रांना वेळच्या वेळी तेल घालायचं. पुढे शाळेचं तोंड न पाहता ते फिटर झाले. गवंडीकाम, सुतारकाम, पत्र्याचं काम, सगळं बघून बघून उचललं. जिनमध्ये काहीही अडलं की लोक म्हणत, "मिस्त्रीले बोलवा." पण पाठ वळली की त्याच लोकांच्या तोंडी दुसरं नाव असे, वाकडा मिस्त्री.

हे नाव १९३८ सालचं. त्या साली जिनच्या गोऱ्या मॅनेजरला बंगल्याच्या आवारात छोटं गोल्फ हवंसं झालं. काठीनं पांढरा चेंडू ढकलत न्यायचा, वाटेतल्या अडचणींतून काढायचा आणि शेवटी खळग्यात पाडायचा, असा तो खेळ. साहेबानं कागदावर नऊ पट्टे आखून दिले, "जमीन सपाट पाहिजे" एवढं बजावलं आणि बाकी सगळं मिस्त्रींवर सोडलं. मिस्त्रींनी जिनमधलं मोडकं सामान गोळा केलं. पहिल्या पट्ट्यावर रुईच्या गाठी बांधायच्या लोखंडी पत्तीच्या कमानी उभ्या केल्या. तिसऱ्यावर दातेरी चाक होतं, पाचव्यावर विटांची मगर. तिच्या तोंडात गेलेला चेंडू शेपटीतून निघे. आठव्यावर पत्र्याचं हुबेहूब जिन होतं, चिमणीसकट. त्याचं दार वीतभर रुंद, आणि आत खळगा. कामगार प्रत्येक खळग्याला 'घर' म्हणत.

पहिल्या दिवशी साहेबानं पाहुणे बोलावले. सात घरं झाली. आठव्यावर साहेबानं दारावर नीट नेम धरून चेंडू मारला, तो डावीकडे सरकत विटांच्या कडेलगतच्या नालीत गेला. पुन्हा मारला, पुन्हा नालीत. सात वेळा असंच झालं. साहेब हसत म्हणाला, श्रावणचा हात वाकडा आहे. पाहुणे हसले. बंगल्याच्या दाराशी उभे असलेले स्टोअरकीपर बंडूजीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सगळ्या जिनला माहीत झालं.

मिस्त्रींनी त्याच संध्याकाळी दोरी धरून पट्टा तपासला. कोन पाहायला गुण्या लावला, ओळंबा सोडला. दार पट्ट्याच्या बरोबर मध्ये होतं, विटांच्या कडा सरळ होत्या. चूक सापडेना. चेंडू मारून पाहणं तेवढं राहिलं, कारण काठ्यांना हात लावायची मुभा खानसाम्याला होती, बांधणाऱ्याला नव्हती.

साहेब सत्तेचाळीसला विलायतेला गेला. बंगल्याला कुलूप लागलं. छप्पन्नच्या ऑक्टोबरात मिस्त्री बायको-मुलीला घेऊन नागपूरला जाऊन आले, बौद्ध झाले. घरातल्या बऱ्याच जुन्या गोष्टी त्या वर्षी त्यांनी सोडल्या. आठवं घर मात्र डोक्यातून गेलं नाही.

अठ्ठावन्नच्या मे महिन्यात जिनचे मालक शेठजींनी ठरवलं, बंगल्याचं आवार मोकळं करून गाठींसाठी गोदाम बांधायचं. सोमवारी तोडकाम सुरू होणार होतं. मिस्त्रींनी बंडूजींकडे रविवारची किल्ली मागितली. लोखंड सुटं करून ठेवतो, असं सांगितलं. खरं कारण घरी बायकोला, तानाबाईंना सांगितलं.

"तोडाच्या आधी माह्या आठव्यात एक डाव चेंडू गेलेला पाह्यचा हाय मले."

"मंग आम्हीबी येतो," तानाबाई म्हणाल्या. "वीस वर्सं झाली ऐकून राह्यली मी त्या घराचं."

रविवारी, ११ मे रोजी, पावणेसातला तिघं आवारात शिरली. मुलगी सुलोचना अकरावीत होती. तिनं माळ्याच्या खोलीतून दोन काठ्या आणि चार चेंडू शोधून काढले. बंडूजी किल्ली घेऊन आले होते, ते परत गेलेच नाहीत. आगीसाठी पाणी भरून ठेवायच्या टाक्याच्या कठड्यावर ते पाय सोडून बसले.

"काऊन मिस्त्री, लोखंड सोडाले घरची मंडळी आणली?"

"हात लावू लागतीन."

"लावा, लावा. वाकडं सरळ झालं तं मलेबी आवाज द्या."

पहिल्या चार घरांना फार वेळ लागला नाही. सुलोचना लवकर शिकली. तानाबाई काठी झाडूसारखी धरत, आणि चेंडू मारत नसत, लोटत. पाचव्यावर मगरीच्या पोटात चेंडू अडकला. मिस्त्रींनी तोंडात हात घालून काढला, तर मागून पालीची अंडी निघाली.

"हिले भूक लागली होती बापा," बंडूजी म्हणाले.

आठव्यापाशी मिस्त्रींनी टोपी काढून कठड्यावर ठेवली. काठी घेतली, दारावर नेम धरला. चेंडू निघाला सरळ, अर्ध्यावर डावीकडे वळला आणि नालीत गेला. दुसराही. तिसरा जोरात मारला, तो पत्र्याच्या भिंतीवर आपटून तिकडेच गेला. बंडूजींनी नजर टाक्यातल्या पाण्याकडे वळवली. ते बोलले असते तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

सुलोचनानं सात मारले, सातही नालीत.

तानाबाई इतका वेळ पट्ट्याकडे पाहत होत्या. "धूळ बसली हाय," त्या म्हणाल्या. "आधी धुऊ द्या मले."

त्यांनी टाक्यातून बादलीभर पाणी आणून पट्ट्याच्या तोंडाशी ओतलं. पाणी दाराकडे गेलं नाही. पट्टाभर पसरून डावीकडे सरकलं आणि नालीत उतरलं. पट्ट्याचा कोबा दोन मिनिटांत कोरडा.

"पाणी तं लय छान जाते," तानाबाई म्हणाल्या.

"जाईनच. जिनच्या जमिनीवर पाणी उभं राह्यलं तं रुई सडते."

सुलोचनानं विचारलं, "बाबा, साहेबानं जमीन कशी सांगितली होती?"

"सपाट."

"आन् हे?"

"सपाटच हाय. दहा फुटाले एक इंच."

"बाबा, एक इंच म्हणजे उतार झाला."

मिस्त्रींनी कोब्यावर तळहात टेकवला. चौतीस वर्षांत त्यांनी जिनमध्ये जेवढी जमीन केली ती सगळी अशीच होती, टाक्याच्या बाजूला इंचभर खाली. त्याला तिथे कुणी उतार म्हणत नसे. सपाट जमीन म्हणजे तीच. बाकीचे आठही पट्टे टाक्याकडे तोंड करून होते, त्यामुळे चेंडू घराकडेच ओढला जाई. आठवा एकटा आडवा होता, टाकं त्याच्या डाव्या हाताला.

"पाणी डावीकडं जाते तं चेंडू उजवीकडून सोडा नं," तानाबाई म्हणाल्या. "त्यात काय एवढं?"

त्यांनी चेंडू ठेवला, दाराकडे न पाहता उजव्या कडेच्या विटेकडे हळूच लोटला. चेंडू विटेपर्यंत गेला, मग सावकाश डावीकडे वळत दारातून आत गेला. आतून टण्ण आवाज आला.

बंडूजी कठड्यावरून उतरून जवळ आले, वाकून पत्र्याच्या दारात पाहिलं.

"गेला बापा," ते म्हणाले. मग सरळ उभे राहत, "म्हणजे साहेब बोलला ते खरंच होतं. चूक तुमचीच होती."

"माहीच होती," मिस्त्री म्हणाले. "त्यानं सपाट सांगतलं, म्या ढाळ देल्ला. पण वाकडं नवतं ते, बंडूजी. हात वाकडा नवता."

"नवता," बंडूजी म्हणाले.

मिस्त्रींनी काठी मागितली. पहिला चेंडू फार उजवीकडे गेला, दुसरा दाराच्या चौकटीला लागला, तिसरा आत. मग तिघांनी नववं घरही खेळून घेतलं आणि ऊन चढायच्या आत सगळं लोखंड सोडून टाक्याशी रचून ठेवलं.

सोमवारी तोडकाम झालं. पंधरवड्यानं गोदामाची जमीन करायला वर्ध्याहून गवंडी आला. त्यानं विचारलं, "मिस्त्री, जमीन कशी पाह्यजे?"

"सपाट," मिस्त्री म्हणाले. गवंडी वळला तसं त्यांनी त्याला थांबवलं. "म्हणजे उतार. टाक्याकडं, दहा फुटाले एक इंच. लिहून घेजो."