अप्पांचा मोडका साचा

आमच्या घरचा कम्प्युटर मी दुरुस्त केला, ही गोष्ट आमच्या चाळीत आजही दुर्घटना म्हणूनच सांगितली जाते.

परळच्या भोईवाड्यातली आमची चाळ. दुसऱ्या मजल्यावर आमची एक खोली आणि त्यात मी, आई, अप्पा आणि (त्या वर्षीच्या दसऱ्यापासून) एक कम्प्युटर. आमच्या ऑफिसने जुने कम्प्युटर काढून टाकले, त्यातला एक मी टॅक्सीत घालून घरी आणला. ऑफिसात मी साधा क्लार्क, पण सहा महिन्यांचा कम्प्युटर कोर्स केलेला क्लार्क! त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून मी देवाच्या फोटोशेजारी लावलं होतं. थोडं वरच लावलं होतं, असं आई अजून म्हणते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे कापड विणायचं मशीन. संप झाला, मिल बंद पडली ती पडलीच, मग अप्पांनी शिवडीला एका गोदामावर वॉचमनकी करून मला शिकवलं. मिलमध्ये दसऱ्याला साच्यांची पूजा व्हायची. मिल गेल्यावर अप्पा दरवर्षी घरातल्या पान्या-पकडीला गंध लावून समाधान मानायचे. आता खरंखुरं मशीन घरात आलं म्हटल्यावर म्हातारा एकदम खुलला.

“आधी पूजा, मग बटण!” त्यांनी फर्मान काढलं.

मशीन माझं, तेव्हा पूजेला मीच बसलो. कम्प्युटरचा डबा पाटावर आडवा झोपवला, जाळीची बाजू वर. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि मोठ्या भक्तिभावाने ओंजळभर अक्षता वाहिल्या. (ओंजळभर. लक्षात ठेवा.)

“अरे, जरा बेताने,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, देवाच्या कामात कंजूषपणा नको!” मी म्हटलं, आणि वरून झेंडूच्या पाकळ्या कुस्करून टाकल्या.

गाड्यांच्या रेसची गेम मी खरं तर माझ्यासाठी टाकली होती. पण एका दुपारी अप्पांनी सहज बाणाचं बटण दाबलं, गाडी हलली, आणि त्या दिवसापासून मला त्या खुर्चीत बसायला मिळालं नाही. ‘हलली’ हा शब्द मी विचार करून वापरतोय. धावायची नाही, हलायचीच! वळण दिसलं की अप्पा बटण दाबायचे, चहाचा एक घोट घ्यायचे, कप खाली ठेवायचे, आणि मग गाडी वळायची. जुना कम्प्युटर, एवढंच चालणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

बातमी खालच्या मजल्यावर राऊळकाकांपर्यंत पोचली. हे राऊळकाका मिलमध्ये अप्पांच्या खात्यात जॉबर होते. कोणता साचा कोणाला द्यायचा ते जॉबर ठरवायचा, आणि सगळ्यात मोडका साचा नेमका अप्पांच्या वाट्याला यायचा. वर कापड कमी निघालं म्हणून बोलणीही अप्पांनीच खायची. अप्पा कधी उलटून बोलले नाहीत. मिल जाऊन वीस वर्षं झाली, साचे भंगारात गेले, तरी राऊळकाका जिन्यात भेटले की अप्पांची मान आपोआप खाली जायची. मला त्याचा फार राग यायचा.

तर हे राऊळकाका नाक्यावरच्या सायबर कॅफेत तीच गेम खेळून तरबेज झाले होते. एका सोमवारी वर आले, पाच मिनिटं अप्पांचा खेळ बघितला आणि गॅलरीत उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सावंता, ही रेस आहे का बैलगाडी? तुझ्या हाताला स्पीड मिलमध्ये पण नव्हता!”

गॅलरीत चार जण हसले. आणि अप्पांनी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, राऊळकाकांसमोर मान वर केली.

“रविवारी या जॉबरसाहेब. तीन रेस. बघू कोणाच्या हाताला स्पीड आहे.”

“येतो की! पण असल्या खटाऱ्यावर नाही हां. आधी मशीन नीट करून घे.”

“होईल. माझ्या पोराने कोर्स केलाय!”

अख्खी गॅलरी माझ्याकडे बघायला लागली. मी सर्टिफिकेटकडे बघितलं.

मंगळवारी ऑफिसातून आल्या आल्या मी निदान केलं: कम्प्युटरमध्ये फालतू फायली फार झाल्यात. ज्या फायलींची नावं मला कळली नाहीत त्या सगळ्या मी उडवल्या. (माझा कोर्स बघता, बऱ्याच उडाल्या.) गेम होती तेवढीच हळू राहिली, फक्त आवाज गायब झाला.

“गाडी बंद पडली काय रे?” अप्पा.

“नाही हो, सायलेंट झाली.”

“कायमची राहू दे तशीच,” आतून आई म्हणाली. 

अप्पांनी डब्यावर तळवा ठेवला, मग कान लावला. “अरे, तापलंय हे. मशीनला वारा मिळत नाहीये. आणि आत काहीतरी खुळखुळतंय.”

“अप्पा, ही मिल नाही! कम्प्युटर तापतातच. आणि आतून आवाज येतो तो हार्ड डिस्कचा.”

“असेल बाबा,” अप्पा म्हणाले, “तू शिकलेला.”

बुधवारी मी गेमच्या सेटिंगला हात घातला. चित्रं साधी केली की गेम पळते, असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं होतं. मी इतकी साधी केली की रस्त्याकडेची झाडं गेली, डोंगर गेले, आभाळ गेलं, आणि गाड्यांच्या आगपेट्या झाल्या. अप्पा घाबरले की मालवणीत शिरतात.

“मेल्या, झाडां खंय गेली?”

“काढली.”

“अरे, त्या वडाकडे मी वळायचो! आता वळू खंय?”

गुरुवारी मी सरळ रजा टाकली आणि हार्ड डिस्कची साफसफाई सुरू केली. स्क्रीनवर लाल-निळे चौकोन, ते एकेक करून जागा बदलतात, बस्स. सकाळी दहाला सुरू केलं ते संध्याकाळी चारपर्यंत चाललं. दारात गर्दी जमली. शेजारच्या मावशी तांदूळ निवडायला आमच्याकडेच येऊन बसल्या.

“ही नवीन गेम काय रे?” त्यांनी विचारलं.

“गेम नाही मावशी, सफाई चाललीय.”

“तरीच! बरी आहे पण. यात जिंकतं कोण?”

कोणीच जिंकलं नाही. चारनंतर गेम लावली तर गाडी आता वळणाआधी थांबून विचार करायला लागली होती. शुक्रवारी मी ऑफिसात कोणाशी बोललो नाही. शनिवारी सकाळी लॅमिंग्टन रोड गाठला, मेमरीची एक पट्टी घेतली, घरी येऊन डबा जरासा उघडला आणि आत न बघता, नुसता हात घालून, चाचपडत ती पट्टी दाबून बसवली. (का नाही बघितलं? कारण कोर्स केलेल्या माणसाला बघावं लागत नाही!) बटण दाबलं. स्क्रीन काळी. डब्यातून मात्र लांबलचक शिट्ट्या यायला लागल्या.

“तीन झाल्या रे, बंद कर!” आईने मोरीतून सांगितलं.

“आई, तो कूकर नाही!”

“मग काय आहे?”

काय आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.

अप्पांनी रविवारसाठी पांढरा शर्ट इस्त्री करून आणला होता. तो हातात धरून ते त्या काळ्या स्क्रीनसमोर उभे राहिले. मग त्यांनी शर्ट खुंटीला लावला.

“जाऊ दे रे. सांगतो जॉबरसाहेबांना, नाही जमलं म्हणून.”

आणि त्यांची मान खाली गेली. तीच ती जिन्यातली मान! मला इतकी लाज वाटली की काय सांगू. या माणसाने रात्रपाळ्या करून मला शिकवलं, आणि मी पाच दिवसांत त्याची झाडं तोडली, आवाज बंद केला आणि शेवटी दिवाच घालवला. मी सर्टिफिकेटकडे पाठ केली.

“अप्पा,” मी म्हटलं, “तुम्ही बघता का?”

अप्पांनी पाना-पकडीचा डबा काढला. कम्प्युटरचं झाकण पूर्ण काढून खाली ठेवलं, चष्मा लावला आणि आत बोट फिरवलं.

“काय रे,” ते म्हणाले, “आत भात लावायचा होता काय?”

मी वाकून बघितलं. कुंकवात माखलेल्या अक्षता कोपऱ्याकोपऱ्यात पसरल्या होत्या. आतल्या छोट्या पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या पाकळ्या वाळून घट्ट बसल्या होत्या, आणि पंखा बिचारा इतके दिवस कण्हत फिरत होता. वारा बंद, म्हणून मशीन गरम, आणि गरम म्हणून हळू. माझी पट्टीही एका बाजूने वर राहिली होती. आत एक सुपारी पण निघाली!

“मिलमध्ये पूजेच्या दुसऱ्या दिवशी पहिलं काम काय असायचं, माहितेय?” अप्पा एकेक पाकळी चिमट्याने काढत म्हणाले. “ज्याने पूजा केली त्याने निर्माल्य काढायचं. मग साचा चालू. तू वाहिलंस, ते काढणार कोण? तुझी हार्ड डिस्क?”

आईने ते सगळं निर्माल्य पिशवीत भरून खिळ्याला अडकवलं. निर्माल्य कचऱ्यात टाकायचं नसतं, चौपाटीला जाऊ तेव्हा सोडायचं. अप्पांनी पट्टी नीट दाबली, ब्रशने धूळ झाडली, बटण दाबलं. पंखा गरगरला! मी गेम लावून बघितली, तर गाडी सुसाट! आनंदाने मी कम्प्युटर लगेच बंद केला आणि त्यावर टॉवेल टाकला.

“मला एकदा चालवू दे की,” अप्पा म्हणाले.

“अजिबात नाही! आता उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. मशीन थंड राहिलं पाहिजे!”

(ही त्या आठवड्यातली माझी सगळ्यात मोठी चूक. बाकीच्या तिच्यापुढे काहीच नाहीत.)

रविवारी आमच्या खोलीत माणसं मावेनात. राऊळकाकांनी पहिली रेस खेळली आणि झकास वेळ नोंदवली. मग पांढऱ्या शर्टातले अप्पा बसले. गाडी निघाली ती वाऱ्यासारखी. वळण दिसलं. अप्पांनी बटण दाबलं आणि सवयीने चहाचा कप उचलला.

घोट घशाखाली जायच्या आत गाडी भिंतीवर आपटून उलटी झाली होती.

राऊळकाका असे हसले की त्यांना ठसका लागला. “मशीन सुधारलं सावंता, हात तोच राहिला!”

मला वाटलं, संपलं. पण अप्पांची मान खाली गेली नाही. त्यांनी कप शांतपणे खाली ठेवला.

“जॉबरसाहेब, ही एक रेस तुमच्या साच्यावर झाली. मिलमध्ये चांगला साचा तुमच्या माणसांना आणि मोडका मला, बरोबर? आता उरलेल्या दोन माझ्या साच्यावर होऊ दे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाळा, ती पिशवी काढ.”

“कुठली पिशवी?”

“निर्माल्याची! भर परत.”

आणि ज्या कम्प्युटरला फास्ट करायला मी आठवडाभर घाम गाळला, त्याच्या पंख्यात मी सगळ्या चाळीसमोर चिमटीचिमटीने झेंडू कोंबायला लागलो. मावशींनी सुपारी आठवणीने टाकायला लावली. चहाची एक फेरी होईपर्यंत डबा मस्त तापला.

राऊळकाकांनी बटण दाबलं. गाडी वळेना. पुन्हा दाबलं. वळेना. चिडून चारदा दाबलं, आणि मग गाडी चारही वेळा वळली, आली तिकडेच तोंड करून उभी राहिली. अप्पांनी बटण एकदाच दाबायचं, घोट घ्यायचा, कप ठेवायचा, गाडी वळली! एक रेस जिंकली. दुसरीही जिंकली. गॅलरीत शिट्ट्या, टाळ्या, नुसता गोंधळ!

“असल्या मशीनवर कसं काय चालवतोस रे?” राऊळकाकांनी घाम पुसत विचारलं.

“तुम्हीच शिकवलंत, जॉबरसाहेब. बारा वर्षं.”

राऊळकाकांनी रुमाल खिशात ठेवला. मग उठले आणि अप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “खरं आहे, सावंत. चुकलंच ते माझं.” अप्पांनी आईला अजून एक चहा टाकायला सांगितलं. मी मात्र कोपऱ्यात तोंड फिरवून डोळे पुसले, आणि हाताला कुंकू लागलेलं असल्यामुळे दिवसभर ते चुरचुरत राहिले.

ते सर्टिफिकेट आता मी देवाच्या फोटोखाली, बरंच खाली लावलंय. चाळीत आता घरोघरी कम्प्युटर आहेत. कोणाचा बिघडला की लोक अप्पांना बोलावतात. आणि कोणाचा फारच फास्ट चालायला लागला, की मला.